नानांचा डावा हात

आमच्या नानांना जेवण झालं की ताट पुढं लोटायची सवय होती. उजवा हात खरकटा, म्हणून डाव्या हाताचा तळवा ताटाच्या कडेला लावायचे आणि चांगलं वीतभर ढकलून द्यायचे. लग्न होऊन मी या घरात आले आणि पहिल्यांदा पुरणपोळी केली, तेव्हा ते ताटही असंच गेलं. ताट रिकामं होतं हे खरं. पण ‘झालं एकदाचं’ असंच ते लोटणं म्हणत होतं, निदान मला तरी. आमच्या माहेरी ताट लोटलं असतं तर आईनं दुसऱ्या दिवशी चूल पेटवली नसती.

उलट दोडक्याच्या भाजीची वाटी मात्र ते स्वतःकडे ओढून घ्यायचे. पार मांडीशी आणायचे, वाकून बघायचे, घास घेऊन पुन्हा बघायचे आणि सावकाश संपवायचे. या माणसाला निदान दोडका तरी आवडतो, असं मी मनाशी धरलं आणि दर दोन दिवसांआड दोडका करायला लागले. आमचे हे कंटाळायचे, पण नाना वाटी ओढायचे आणि संपवायचे.

नाना म्हणजे माझे सासरे. मूळचे पैठणकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. तरुणपणी चितेगावला पंख्यांच्या कारखान्यात लागले आणि जन्मभर चेकिंगला राहिले. सरकत्या पट्ट्यावरून पंख्यांच्या मोटारी यायच्या, त्यातली बिघडलेली कोणती ते नाना ठरवायचे. नोकरी संपली, पण तपासणी काही संपली नाही. पडेगावच्या आमच्या घरात शिरणारी प्रत्येक वस्तू आधी नानांच्या नजरेखालून जायची. लग्नाला गेले तर नवरानवरीच्या आधी त्यांना मांडवाचा कललेला खांब दिसायचा. शेजाऱ्यानं नवी स्कूटर आणली आणि पेढे दिले, तर पेढा तोंडात टाकायच्या आधी नाना म्हणाले, “मागचं चाक जरासं वाकडं हाय.” ते खरंच वाकडं निघालं. त्या शेजाऱ्यानं पुढं बरेच दिवस आमच्याकडे बघणंच सोडलं होतं.

बरं, दोष सांगावा आणि दुरुस्त करावा, तर तसंही नाही. “वरचं बिजागर ढिलं झालंय” असं जाहीर करून नाना खुर्चीत जाऊन बसायचे. सुरुवातीला मी भाबडेपणानं स्क्रू-ड्रायव्हर आणून त्यांच्या हातात दिला. दुसऱ्याच्या चपला दिल्यासारखे ते त्याच्याकडे बघत राहिले.

“चूक काढायची आपण, सूनबाई,” ते म्हणाले. “दुरुस्ती दुसऱ्या सेक्शनला असती.”

घरात दुसरा सेक्शन कोण, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. यांची वाळूजला शिफ्ट, सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. राहिले कोण? बिजागरं कसायला मी शिकले, नळाचे वॉशर बदलायला शिकले, इस्त्रीची वायर जोडायला शिकले. प्रत्येक वेळी नाना पाठीमागे हात बांधून उभे. काम नीट झालं तर एक अक्षर नाही. मुकाट्यानं निघून जायचे. मी मनात म्हणायची, अहो, बरं झालं म्हणायला कर लागतो का?

एका बाबतीत मात्र त्यांच्या तोंडाला कुलूप होतं, ते म्हणजे जेवण. सासूबाईंनी म्हणे त्यांना शपथ घातली होती, घरातल्या सगळ्याला नावं ठेवा, पण माझ्या ताटाला ठेवायची नाहीत. त्या गेल्यावरही नानांनी ती शपथ पाळली. त्यामुळे माझं मीठ कमी पडलं की जास्त, हे मला कधीच कळलं नाही. मला कळायचं ते एवढंच, की ताट पुढं गेलं.

घरी बसून काहीतरी आपलं असावं म्हणून मी ओव्हन घेतला. केक, नानखटाई, पाव करून गल्लीत द्यायला लागले. पहिल्या नानखटाईची बशी मी मोठ्या हौसेनं नानांसमोर ठेवली. त्यांनी दोन खाल्ल्या आणि बशी डाव्या हातानं अशी लोटली की ती टेबलाच्या पार टोकाला जाऊन थांबली. त्या दिवशी मी आत जाऊन रडले. नंतर नंतर रडणं थांबलं, पण बशी पुढं गेली की अंगाचा तिळपापड व्हायचाच.

अशात शबाना भाभींनी मला ऑर्डर दिली. आमच्या मागच्या गल्लीतल्या भाभींच्या मुलीची मंगनी होती. केक माझा आणि पाहुण्यांना वाटायची नानखटाईही माझीच. भाभींच्या जावेनं भट्टीवाल्याकडून आणायचं ठरवलं होतं. भाभींनी माझ्यासाठी तिच्याशी वाद घातला होता. ते साधलं तर माझं नाव गल्लीबाहेर जाणार होतं. नाही साधलं तर माझा हा सगळा खटाटोप पोरखेळ ठरणार होता आणि भाभींना सगळ्यांपुढं खाली बघावं लागणार होतं.

मंगनीच्या आदल्या सकाळी नानखटाईचा पहिला ट्रे बाहेर काढला, तर वरून गुलाबी आणि खालून कच्ची. दुसराही तसाच. नाना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, ओव्हनच्या काचेतून आत बघितलं आणि म्हणाले, “खालचा रॉड गेला.” एवढं बोलून गेले खुर्चीत.

ओव्हनमध्ये वर एक आणि खाली एक असे तापणारे रॉड असतात. वरचा लालबुंद होत होता, खालचा काळाठिक्कर. मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, परवा येतो. दुसरा म्हणाला, ताई, नवीनच घेऊन टाका. मग मी प्लग काढला, ओव्हन गार होऊ दिला आणि दोन्ही बाजूंचे पत्रे खोलले. गंजलेले स्क्रू हलता हलेनात, ड्रायव्हर घसरून अंगठा कापला. मागून आवाज आला, “स्क्रूचं डोकं घासलं.” माझा अंगठा त्यांना दिसला नाही, स्क्रूचं डोकं दिसलं.

जळका रॉड पिशवीत घालून रिक्षानं छावणीच्या बाजारात गेले. दुकानदारानं तो नव्या रॉडशेजारी धरला न धरला आणि “हाच हाच” म्हणत बांधून दिला. घरी येऊन लावते तर बोटभर लांब, भोकात बसेना. नाना म्हणाले, “लांब हाय.” पुन्हा रिक्षा, पुन्हा छावणी. या वेळी दुकानदाराच्या समोरच दोन्ही रॉड टोकाला टोक लावून बघितले आणि मगच उठले. संध्याकाळी रॉड बसला, रॉडच्या टोकांच्या चिनीमातीच्या टिकल्या जागेवर गेल्या, वायरी जुन्यासारख्या जोडल्या, पत्रे लावले, स्क्रू आवळले. अंगभर काजळी, अंगठ्याला पट्टी. तोंड धुऊन येते आणि पीठ मळते, असं म्हणून मी न्हाणीघरात गेले.

परत येऊन बघते तर ओव्हन पुन्हा खोललेला. दोन्ही पत्रे खाली, स्क्रू वाटीत आणि नाना चष्मा कपाळावर चढवून आत डोकं घालून बसलेले. प्रत्येक वायर ओढून बघत होते. ज्या माणसानं जन्मात कधी स्क्रू-ड्रायव्हरला हात लावला नाही, त्यानं नेमका आजच लावला होता आणि तोही माझं झालेलं काम उचकटायला.

माझा तोल सुटला. म्हटलं, “नाना, दिवसभर मी मरतेय. तुम्हाला एक स्क्रू लावता येत नाही, पण काढता बरा येतो?”

“तपासल्याबिगर माल जात नसतो,” ते शांतपणे म्हणाले आणि पुन्हा आत बघू लागले. या टिकलीवर बोट, त्या जोडावर बोट. मी कमरेवर हात ठेवून उभी. काढा म्हटलं काय दोष काढायचाय तो. बराच वेळ गेला. मग ते उठले, त्यांनी डावा तळवा ओव्हनला लावला आणि तेवढा जड ओव्हन ओट्यावरून खरखरत पुढं ढकलला, पार भिंतीपर्यंत.

“अहो, आता ढकलून तरी देऊ नका,” मी म्हणाले. ते खुर्चीत जाऊन बसले. पत्रे लावायचं काम अर्थातच दुसऱ्या सेक्शनचं होतं.

मी दातओठ खात पुन्हा सगळं बंद केलं आणि प्लग लावला. खालचा रॉड लाल झाला. मंगनीला केक गेला, नानखटाई गेली आणि भाभींच्या जावेनं जाताना माझा फोन नंबर मागून घेतला. घरी नानांसमोर उरलेल्या नानखटाईची बशी ठेवली. ती टेबलाच्या टोकाला गेली. त्या दिवशी मी बोलले त्याचं मला वाईट वाटत नाही. आजही बोलेन.

पुढच्या थंडीत नाना गेले. फार आजारी पडले नाहीत. दवाखान्यात सलाइनचा स्टँड डुगडुगतोय एवढं नर्सला सांगितलं, तेच शेवटचं बोलणं.

दिवस झाल्यावर त्यांचे जुने सोबती मजीदभाई भेटायला आले. कारखान्यात पट्ट्यावर दोघं समोरासमोर बसायचे. मजीदभाई थकले होते, बोलताना दम लागत होता. मी चहा दिला, सोबत नानखटाई दिली. त्यांनी ती आवडीनं खाल्ली, कप बाजूला ठेवला आणि डाव्या हातानं बशी पुढं लोटली. थेट टेबलाच्या टोकाला.

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. ते एकदम ओशाळले.

“माफ करना बेटी, हाथ की आदत है. नै जाती,” ते म्हणाले. “पट्टे पे बोलनेकी मनाई थी. पास माल बाएं हाथ से आगे. फेल माल अपनी तरफ खींच लेनेका, नीचे झुकके देखनेका.” मग आपल्या मराठीत म्हणाले, “पन तुमचे नाना लई कडक. त्यांच्या हातून पुढं गेलेला माल कधी वापस आला नाय.”

मी कप उचलून आत गेले. ओट्याला टेकून उभी राहिले. पुरणपोळीचं ताट आठवलं, नानखटाईची पहिली बशी आठवली, खरखरत भिंतीपर्यंत गेलेला ओव्हन आठवला. कुणालाही वाटेल की मला रडू आलं असेल. ते नंतर आलं. आधी आला तो संताप. इतकी वर्षं हा माणूस मला पास करत होता आणि मी प्रत्येक वेळी अपमान म्हणून गिळत होते. स्कूटरच्या चाकाबद्दल बोलता येत होतं, मांडवाच्या खांबाबद्दल बोलता येत होतं. शपथ दोष काढायचा नाही अशी होती, बरं म्हणायचं नाही अशी कुठं होती?

गेल्या महिन्यात ओव्हनचा खालचा रॉड पुन्हा गेला. हे म्हणाले, नवीन घे, आता ऑर्डरी एवढ्या असतात. मी ऐकलं नाही. छावणीत गेले, टोकाला टोक लावून रॉड आणला, बसवला, पत्रे लावले, स्क्रू आवळले. मग हात धुऊन आले आणि काय वाटलं कोण जाणे, सगळे स्क्रू पुन्हा काढले. एकेक वायर ओढून बघितली. टिकल्यांवर बोट फिरवलं. दोष नव्हता. पुन्हा सगळं बंद केलं. हल्ली दोन्ही सेक्शन माझ्याकडेच आहेत.

घरात कुणी नव्हतं. मी डावा तळवा ओव्हनला लावला आणि जोर लावून तो पुढं ढकलला. ओटा खरखरला. तेवढ्यानं भागलं नाही, म्हणून त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मोठ्यानं म्हणाले, “एकदा तोंडानं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, नाना? तुमचा दोडका तरी टळला असता.”