छातीवरची जेली

माझी मुलगी प्रयोगशाळेत वीज वाहून नेणारं हायड्रोजेल बनवते. जेलीसारखी मऊ पट्टी, छातीवर चिकटवली की हृदयाचे ठोके मोबाईलवर उमटतात. एका रविवारी तिने ती मला लावली आणि बजावलं, "बाबा, आज सोसायटीच्या मीटिंगला जाऊ नका. उगाच धडधड वाढेल."

आमच्या कोथरूडात मीटिंग चुकवणं म्हणजे चूक कबूल करणं. मी गेलो आणि पार्किंगवरून चेअरमनशी तासभर भांडलो.

घरी आल्यावर तिने आलेख पाहिला. भांडताना ठोके अगदी संथ, जणू मी वामकुक्षी घेत होतो. फक्त एकदाच ते एकदम उसळले होते.

"बाबा, सव्वाअकराला काय झालं?"

"चेअरमन म्हणाले, 'अहो, तुमचं बरोबर आहे.'"