पिवळ्या घडावरून झालेला वाद

वसईत पापडीजवळच्या एका मराठी शाळेत मी आठवीला मराठी शिकवते. धडा वाचून झाला की मी विचारायचे, "लेखकाला काय सांगायचं आहे?" आणि सगळ्या माना खाली जायच्या. मग कोणीतरी गाइडमधलं उत्तर म्हणून दाखवायचं, मी "छान" म्हणायचे आणि फळा पुसायचे. बरीच वर्षं हे असंच चाललं.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी अभ्यासक्रमाबाहेरची एक गोष्ट वर्गात नेली. कुठल्याशा जुन्या मासिकातून कापून ठेवलेली, दोन पानांची. एक दमलेला वाटसरू एका बाईच्या दारात येऊन खायला मागतो. ती म्हणते, "घरात काही नाही हो," आणि दार लावून घेते. तो निघतो, तर कुंपणाला लागूनच केळीवर पिवळाधमक घड लोंबत असतो. गोष्ट तिथेच संपते. बाई किती कोत्या मनाची, हे मुलांनी ओळखावं एवढीच माझी अपेक्षा होती.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. माना खाली गेल्या. पण खिडकीजवळ बसणारी, सांडोर गावच्या केळीच्या वाडीतून येणारी एक मुलगी शेजारणीच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटली. ती वर्गात कधी बोलत नसे. घरची बोली आणि पुस्तकातली मराठी यांची सरमिसळ होईल, ही तिला भीती. मी म्हटलं, "मोठ्याने सांग ना."

ती उभी राहिली. "टीचर, ही गोष्ट खोटी आहे."

"खोटी म्हणजे?"

"घड पिवळा होईपर्यंत कोणी झाडावर ठेवत नाही. हिरवा असतानाच काढतात आणि घरात पिकवतात. झाडावर पिकला तर पाखरं खाणार. म्हणजे तो घड हिरवाच असणार. मग त्या बाईने काय द्यायचं होतं, कच्ची केळी? लेखकाने उगाच तिला वाईट ठरवलंय."

मी ही गोष्ट कितीतरी वेळा वाचली होती. वसईत जन्म गेला माझा, पण हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

एव्हरशाईन सिटी या इमारतींच्या वसाहतीतून येणारा एक मुलगा लगेच उठला. त्याच्या घरी हिंदी बोलतात. "पण टीचर, गोष्टीत पिवळा लिहिलाय ना? मग तो पिवळाच. हिच्या वाडीत काय होतं त्याचा काय संबंध?"

"मग लेखकाने काहीही लिहायचं?" ती म्हणाली.

"काहीही नाही. पण त्याच्या स्टोरीत त्याचंच चालणार ना."

झालं, वर्गाचे दोन तट पडले. जे कधी हात वर करत नसत ते बाकावरून अर्धे उठून बोलायला लागले. मला मध्ये बोलायला जागाच उरली नाही. मी खुर्चीवर बसले आणि ऐकत राहिले. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा "टीचर, थांबा ना" असं वर्ग म्हणाला. मला हे कोणी पहिल्यांदाच म्हणत होतं.

मुख्याध्यापिकांची आणि पालकांची परवानगी काढून शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही सगळे सांडोरला त्या मुलीच्या वाडीत गेलो. तिची आई भाजीला पाणी सोडत होती. तिने हात पुसले, सगळ्यांना सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, वाटली आणि केळींच्या रांगेतून आम्हाला आत नेलं. एका झाडावर घडाची वरची फणी पिवळी झालेली होती, आणि त्यातली दोन केळी पाखरांनी कोरली होती.

"हे बघा, एक दिवस उशीर झाला की असं होतं," ती म्हणाली. "पण कधी राहून जातो घड. माणूस आजारी असलं, घरात काही झालं, तर राहतो."

दोन्ही बाजूंची मुलं आपणच जिंकलो म्हणून ओरडली. मग आईने ती गोष्ट ऐकायला मागितली. मुलीनेच उभं राहून वाचून दाखवली, एकदाही न अडखळता. आई कमरेवर हात ठेवून ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, "ती बाई घरात एकटी होती का?"

मुलांनी पानं उलटसुलट करून पाहिली. गोष्टीत दुसऱ्या कोणाचा आवाज नव्हता, पावलं नव्हती.

"एकटी असेल तर अनोळखी पुरुषासाठी मीसुद्धा दार उघडं ठेवणार नाही," ती म्हणाली. "घरात सात घड असले तरी."

मग मुली बोलायला लागल्या. दुपारी एकटं असताना बेल वाजली की त्या काय करतात, हे एकेक जण सांगू लागली. मुलगे ऐकत होते. एव्हरशाईनचा मुलगा म्हणाला, "मग त्याने कुंपणाबाहेरूनच हाक मारायला पाहिजे होती." त्यावर पुन्हा वाद.

परतताना माझ्या पुढे मुलांचं टोळकं रस्ताभर भांडत चाललं होतं. त्या बाईचं वय काय असेल, वाटसरू खरंच भुकेला होता का, पुढे तो कुठे गेला. मी मागून चालत होते आणि मला इतका आनंद झाला होता की वळणावर मी रिक्षाला हातच केला नाही. सगळ्यांबरोबर चालत शाळेपर्यंत आले.

आता दर शनिवारचा एक तास आम्ही गोष्टीवर नुसतं बोलण्यासाठी ठेवलाय. गोष्ट मुलं निवडतात, पहिला प्रश्नही त्यांचाच असतो. सांडोरची ती मुलगी आता दहावीत आहे. मधल्या सुट्टीत ती आठवीच्या वर्गात डोकावते आणि विचारते, "टीचर, या वेळी काय वाचताय?" मी नाव सांगितलं की ती दारातच उभी राहून आपलं मत देऊन टाकते. बहुतेक वेळा ते माझ्या विरुद्ध असतं.