जमादार आणि बैलाची घंटा

देवणीचा मलप्पा गोऱ्हे शिकवायचा. कुणाचं अडदांड पोर शाळेत घालावं तसं लोक आपला गोऱ्हा त्याच्या दारात आणून बांधायचे आणि गाडीला चालण्याइतका शहाणा झाला की घेऊन जायचे. त्याची रीत ठरलेली. नव्या गोऱ्ह्याच्या मानेवर लगेच जू ठेवायचं नाही. आधी त्याला म्हाताऱ्या हौशाच्या मागं नुसतं हिंडवायचं. हौशा हा मलप्पाचा बैल, गळ्यात पितळी घंटा, स्वभावानं देवमाणूस. समोरून मोटार आली तरी तो रवंथ करीत राहायचा. मागचा गोऱ्हा ते बघायचा आणि हळूहळू त्याचंही बिचकणं कमी व्हायचं. शिकवायचा हौशा आणि नाव व्हायचं मलप्पाचं, पण हौशाची त्याबद्दल तक्रार नव्हती.

मग लातूर जिल्हा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. सायकलवाला लालमहंमद म्हणायचा, "जिल्हा लातूरला आला, पाऊस मात्र उस्मानाबादेतच राहिला." त्याच उन्हाळ्यात हौशा म्हातारपणानं गेला. चारा नाही म्हणून मलप्पानं तरणी जोडी विकली. गोठ्यात चंद्री नावाची एक भाकड गाय उरली आणि खुंटीला हौशाची घंटा. गोऱ्हे शिकवायला आणणार कोण? ज्याच्या-त्याच्या गोठ्यात शुकशुकाट. मलप्पा ओट्यावर बसून राहायला लागला. बोलणं तर इतकं कमी केलं, की वाटावं, बोलण्यालाही रेशन लागलंय.

त्याची बायको गौरम्मा रस्त्याच्या दुष्काळी कामावर जायची. एका संध्याकाळी ती पदरात कुत्र्याचं पिल्लू घेऊन आली. कामावर सुरुंग उडायचे, आणि हे खडीच्या ढिगाआड थरथरत बसलेलं तिला सापडलं होतं.

"माणसाला प्यायला पानी न्हाई, आन् तू कुत्रं आणलंस?" मलप्पा म्हणाला.

"माझ्या वाट्याचं पाजीन," ती म्हणाली. विषय संपला.

पिल्लू भित्रं होतं, पण गप्प बसणारं नव्हतं. ते ज्याला भ्यायचं त्याच्यावरच धावून जायचं. जीप दिसली की भुंक, छत्री दिसली की भुंक, डोक्यावर घागर घेतलेली बाई दिसली की भुंकून भुंकून घसा बसेपर्यंत भुंक. पोलिसासारखी सगळ्या गावाची उलटतपासणी घेतं म्हणून गौरम्मानं त्याचं नाव जमादार ठेवलं. घरी बांधून ठेवावं तर दावं कुरतडून तो तिच्यामागं थेट सुरुंगाच्या कामावर पोचायचा. म्हणून मलप्पा पाण्याच्या टँकरकडं निघाला की त्याला सोबत न्यावं लागायचं. टँकर थांबायचा मोटारस्टँडवर, आणि वाटेत लालमहंमदचं दुकान.

मलप्पानं त्याला गोऱ्ह्यासारखंच वळण लावायचं ठरवलं. खुंटीवरची घंटा काढून त्याच्या गळ्यात बांधली, कासरा आखूड धरला आणि भीती मोडावी म्हणून सरळ जीपपुढंच नेऊन उभं केलं. घंटा पिल्लाच्या डोक्यापेक्षा थोडीच लहान होती. ती वाजली की ते दचकायचं, दचकलं की उडी मारायचं आणि उडी मारली की ती आणखी वाजायची. लालमहंमद नेमका तेव्हाच पंप मारत होता. त्या फूस्स आवाजानं जमादारानं जी झेप घेतली, ती थेट त्याच्या पायजम्यावर. पायजमा टर्रकन फाटला, एक गिऱ्हाईक सायकलसकट आडवं झालं.

लालमहंमद भांडखोर नव्हता. त्यानं पायजमा एका हातानं धरून शांतपणे सांगितलं, "अण्णा, सोमवारच्या बाजारापर्यंत बघतो. न्हाई सुधारलं, तर आमच्या मेव्हण्याचा ट्रक मिरच्या आणायला धर्माबादला जातो, त्यात घालून देतो. तिथं मिरच्यांवर भुंकू दे."

रात्री जेवताना मलप्पानं हे सांगितलं, तेव्हा गौरम्माचा घास हातातच राहिला. जोडी विकली त्या दिवशीही ती रडली नव्हती. आता मात्र तिचे डोळे भरले.

"तुमी ती घंटा त्याच्या गळ्यात कशापायी बांधली?"

"जनावराला घंटा लागती."

"त्याला न्हाई लागत. तुमाला ऐकू यावी म्हून लागती. हौशा गेल्यापासनं तुमी कान लावून बसलेले असता, मला काय दिसत न्हाई?"

मलप्पाला राग आला होता, आणि बायकोनं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं की येतो तसाच तो राग होता. इतकी वर्षं गोऱ्हे शिकवले आणि एकालाही कधी एकट्याला मोटारीपुढं उभं केलं नव्हतं. मग या एवढ्याशा जिवाला का केलं?

सकाळी त्यानं घंटा चंद्रीच्या गळ्यात बांधली. पुढं चंद्री, मागं जमादार, आणि कासरा सैल. धन्यानं कासरा ताणला की जनावराला वाटतं, धनीच भ्यालाय. हे त्याला ठाऊक होतं, पण दुःखात तो ते विसरला होता. पहिल्या दिवशी ते गिरणीपाशीच थांबले. तिथून रस्त्यावरची जीप दिसायची, पण पार लांब. जमादारानं कान टवकारले. तो भुंकायच्या आत मलप्पानं बंडीच्या खिशातून भाकरीचा कुटका काढून पुढं केला, आणि तो चघळून होईतो तिघं माघारी वळले. दुसऱ्या दिवशी थोडं पुढं. एकदा घाई केली तर जमादारानं असा गोंधळ घातला, की पुन्हा गिरणीपासून सुरुवात. मलप्पाला त्याचं वाईट वाटलं नाही. कितीतरी दिवसांनी त्याला सकाळी उठून काहीतरी करायचं होतं.

चंद्री आपल्या चालीनं चालायची, घंटा संथ वाजायची, आणि ती वाजतेय तोवर काही भ्यायचं कारण नाही, हे त्या पिल्लाच्या डोक्यात बसत गेलं. बाजाराच्या आधी एकदा तर दुकानापासून हाकेच्या अंतरावर उभं राहून त्यानं पंपाचा आवाज ऐकला आणि नुसतं मलप्पाकडं बघितलं, म्हणजे माझा कुटका कुठंय?

आणि रविवारी चंद्रीला गुरांच्या छावणीत न्यावं लागलं. घरातला कडबा संपला होता, तिथं चारा मिळत होता. तिचं पोट बघावं की कुत्र्याची शाळा? मलप्पानं घंटा काढून घेतली आणि तिला सोडून आला.

सोमवारी जमादार उंबऱ्याबाहेर पाय टाकेना. पुढं गाय नाही, आवाज नाही. मलप्पानं घंटा हातात घेऊन वाजवून बघितली, तसा तो उठला. पण मलप्पाच्या एका हातात कासरा, दुसऱ्या हातानं खांद्यावरची घागर धरायची. त्यानं गल्लीत दोन्हीकडं बघून घेतलं आणि घंटा आपल्याच गळ्यात अडकवली.

चार घरं ओलांडली नाहीत तोच शेजारची शिवगंगा डोक्यावर पदर घेऊन, सुपात पीठ घेऊन बाहेर आली. घंटेवरून तिला वाटलं, जंगम महाराज भिक्षेला आले.

"मामा, तुमी?"

"मीच हाय. पीठ आत ने," मलप्पा म्हणाला आणि तसाच पुढं गेला. लाजेनं त्याचे कान तापले होते. बाजारात लोक बोटं दाखवत होते. पण मागं कासरा सैलच होता.

दुकानापाशी लालमहंमद पंपावर पाय देऊन उभा होता. तेवढ्यात समोरून जिल्ह्याची जीप हॉर्न वाजवत, धुरळा उडवत आली. जमादार थिजला. शेपटी पायात गेली. मलप्पालाही कासरा ओढावासा वाटला, पण त्यानं ओढला नाही. तो हौशासारखा जागीच उभा राहिला आणि मान जरा हलवली. घंटा वाजली. जीप निघून गेली. जमादारानं वर बघितलं, कुटका घेतला आणि शेपटी हळूहळू बाहेर काढली.

लालमहंमदनं पंपाचा दांडा वर धरला तो धरलाच होता. तो हसला नाही. "जावा अण्णा," तो म्हणाला. "मेव्हण्याला सांगतो, धर्माबादला रिकामाच जा."

परत येताना टँकरच्या पाण्यानं घागर जड होती आणि मलप्पा घंटा काढायची विसरला होता.

बाजाराच्या सुट्टीमुळं गौरम्मा घरीच होती. बैल रानातून आले की दारात तांब्या घेऊन यायचं आणि त्यांच्या पायांवर पाणी ओतायचं, ही तिची लग्नापासूनची सवय. पाणी आटलं तशी ती मोडली होती. पण घंटा ऐकली आणि ती तांब्या घेऊन बाहेर आली. दारात नवरा उभा, गळ्यात घंटा, मागं जमादार, जिवंत आणि गप्प.

तिनं तांब्याकडं बघितलं. घरात तेवढंच पाणी होतं.

"आगं, टाकू नको," मलप्पा म्हणाला.

"उभं ऱ्हा," ती म्हणाली, आणि वाकून तिनं ते पाणी त्याच्या पायांवर ओतलं. खाली साचलेलं जमादारानं पिऊन टाकलं.