लांजेवार सरांच्या नावाआधी

लांजेवार सरांचे तास माझ्यामुळे गेले, आणि तेही मी त्यांना मान दिल्यामुळे.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. इतिहास मंडळाच्या उद्घाटनाची पत्रिका करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझे मामा चंपतराव मौद्याला लग्नपत्रिका छापतात आणि दर सुट्टीत मी त्यांच्या कॉम्प्युटरवर बसतो. मामांचा एकच नियम: उघडं नाव छापायचं नाही. ज्याच्या नावाआधी काही लागत नाही, त्याच्या नावामागे कंसात काहीतरी टाकायचं. माजी उपसरपंच. सेवानिवृत्त लाइनमन. अगदीच काही नसलं तर प्रगतिशील शेतकरी. "उघडं नाव पाह्यलं का माणूस मांडवात येते, जेवते, अन् भांडून जाते," असं मामा म्हणतात.

विभागातून आलेल्या कागदावर तीन नावं होती. विभागप्रमुख प्रा. तारा पांढरीपांडे, मग प्रा. पुष्कर घाटे, आणि शेवटी नुसतंच, धर्मेंद्र लांजेवार. माझा हात थांबला. माणसानं गोंडकाळातल्या तलावांवर पीएच.डी. केलेली, आणि नाव असं उघडं? मी छापलं, 'प्रा. डॉ. धर्मेंद्र लांजेवार'. वर आणखी शहाणपणा असा की तिघांत डॉक्टर ते एकटेच म्हणून त्यांना सगळ्यांत वर चढवलं. दीडशे पत्रिका छापल्या, वाटल्या, आणि प्राचार्यांच्या टेबलावरची तर मी स्वतः नेऊन ठेवली.

लांजेवार सर सीएचबी होते. म्हणजे तासिका तत्त्वावर. जेवढे तास शिकवले तेवढ्याचेच पैसे, उन्हाळ्यात काहीच नाही, आणि दर जुलैला पुन्हा मुलाखत. त्याच कामासाठी, त्याच टेबलासमोर. अशी चौदा वर्षं. टाइमटेबलवर पक्क्या लोकांची नावं असत, सरांच्या चौकटीत 'सीएचबी-२' असायचं. पहिल्या वर्षी मी तो विषय समजून सिलॅबसमध्ये शोधला होता. सीएचबी-१ कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पोरं त्यांना सर म्हणत. विभागप्रमुख पांढरीपांडे मॅडम 'अहो लांजेवार' म्हणत. ऑफिसातले बाबू 'ओ सीएचबी, बिलावर सही राह्यली' म्हणून व्हरांड्यातून ओरडत. आणि 'प्रा.' फक्त पक्क्यांना, हा आमच्या कॉलेजचा रिवाज होता. तो कुठेच लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होता. मौद्याहून आलेला मी तेवढा सुटलो होतो.

एकदा अपेक्षानं वर्गात विषय काढला होता. "सर, माझा भाऊ कॅनडाले शिकून राहिला. तिकडे प्रोफेसरले नावानं हाक मारतात म्हणे. आम्ही तुम्हाला काय म्हणायचं? सर, प्रोफेसर, का डॉक्टर?"

"हजेरीला 'येस सर' म्हणता ना? तेवढं स्वतःच्याच नंबरला म्हणत जा."

मागून कोणीतरी म्हणालं, "सर, डॉक्टर म्हटलं तर तब्येत दाखवता येईल का?"

"दाखव ना. तुह्यासारख्या तब्येतीले राजे लोक तलावाचा गाळ उपसाले लावत."

शिकवताना सर पुस्तकातलं मराठी बोलत. टोमणा मारायचा झाला की कोराडीच्या बोलीवर येत. कोराडीलाच राहायचे. त्यांचे वडील, बापूजी, तिथल्याच वीज केंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली कोळसा उतरवून म्हातारे झाले. "बाप ठेक्यावर, मीही ठेक्यावर. माहा शर्ट पांढरा आहे, एवढीच प्रगती," असं सर म्हणत. कोराडीत पांढरा शर्ट घालणं हा हट्टच. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते. सर सकाळी शर्ट झटकायचे, गाडीची सीट पुसायचे, आणि पहिल्या तासाला पाच मिनिटं आधी दारात उभे असायचे. खडू आणि डस्टर त्यांच्या पिशवीत असे, कारण विभागाच्या कपाटाची किल्ली पक्क्यांकडे. डबा ते लायब्ररीत मागच्या रॅकजवळ खात. स्टाफरूममध्ये खुर्च्या होत्या, पण प्रत्येक खुर्ची कोणाची ना कोणाची होती.

पत्रिका वाटली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी सबमिशनची वही घेऊन मॅडमच्या खोलीबाहेर उभा होतो. दार अर्धं उघडं. आत लांजेवार सर.

मॅडमचा आवाज चढत नाही. तो खाली येतो. "लांजेवार, एकतीस वर्षं झाली मला इथे. सासूबाईंचं आजारपण निघालं आणि माझा प्रबंध राहिला. मी डॉक्टर नाही, हे दीडशे लोकांना पत्रिका छापून सांगायची गरज होती का?"

"नाही मॅडम."

"आणि 'प्रा.' लावायची परवानगी कोणी दिली?"

सरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"की मुलानं आपल्या मनानं केलं, असं म्हणणं आहे तुमचं? कोण आहे तो? त्याला बोलावते."

मी वही छातीशी धरली. इंटर्नलचे वीस मार्क मॅडमच्या हातात. दारातून दोन पावलं आत टाकायची होती.

"मुलाचं काही नाही," सर म्हणाले. "मी पाहिली होती पत्रिका."

पाहिली नव्हती. त्यांना दाखवायचं मला सुचलंच नव्हतं. मान ही काय दाखवून द्यायची गोष्ट आहे?

"मग तसा खुलासा लिहून द्या. प्राचार्यांनी मागितलाय."

सरांनी तिथंच बसून लिहून दिला. 'सदर पदनाम माझ्या संमतीने छापले गेले, त्याबद्दल दिलगीर आहे.' चौदा वर्षांत त्यांच्या फायलीला लागलेला असा हा पहिला कागद. त्याखालची सही तेवढी उघड्या नावाची.

संध्याकाळी गेटबाहेरच्या टपरीवर मी त्यांना गाठलं. "सर, मी सांगतो मॅडमले. मामाच्या नियमानं मीच केलं म्हणून."

"काहून गा? हिरो व्हायचं आहे?"

"तुम्ही काहून घेतलं अंगावर?"

"तुह्ये वीस मार्क आहेत तिच्यापाशी. माह्यापाशी काय आहे?" चहा संपवून त्यांनी कागदी कप चुरगाळला. मग म्हणाले, "आहे म्हणा, बारा तास आहेत. असं कर, निकाल लागला का सांगजो. जुलैच्या आधी सांगजो फक्त. एक वाक्य तं आहे."

निकाल जूनमध्ये लागला. मला इंटर्नलला वीसपैकी अठरा. मॅडमनी पाठ थोपटली, म्हणाल्या, एम.ए. इथेच कर, मी गाइड करीन. आता इतकं चांगलं बोलणाऱ्या बाईसमोर ते वाक्य कसं काढायचं? मी म्हटलं, ॲडमिशन होऊ दे. ॲडमिशन झाली तोवर मुलाखती आटोपल्या होत्या. सरांना टेबलापलीकडून खुलाशाचा कागद दाखवला गेला आणि बारा तास एका नव्या मॅडमकडे गेले. टाइमटेबल मात्र तेच राहिलं. 'सीएचबी-२' खोडायचीसुद्धा गरज पडली नाही.

हिवाळ्यात जरीपटक्याला स्वेटर घ्यायला गेलो, तर बाजारात एका क्लासेसच्या फ्लेक्सवर लांजेवार सर दिसले. हाताएवढ्या अक्षरांत 'प्रा. डॉ. लांजेवार सर'. शेजारी इंग्रजी शिकवणारा माझ्याहून लहान पोरगा, तोही 'प्रा.'. मी वर गेलो. सर सातवीच्या पोरांना नद्यांची नावं पाठ करवून घेत होते.

"पाह्यला फ्लेक्स?" सर हसले. "इथं ज्याच्या हातात खडू तो प्राध्यापक. तुह्या मामासारखीच दिलदार माणसं आहेत."

मी मागच्या बाकावर टेकलो.

"बापूजी रोज विचारतात, कॉलेज काहून बंद आहे म्हणून. मी म्हणतो, सुट्ट्या चालू आहेत. सहा महिन्यांची सुट्टी! म्हातारा बोलत नाही, पण त्याले हिशेब येते." मग पोरांकडे पाहत, सहज म्हणाल्यासारखं, "येत्या जुलैत पुन्हा जाईन म्हणतो. फायलीत तो कागद नसता तं..." वाक्य पुरं न करता ते फळ्याकडे वळले.

"सर, यावेळी नक्की सांगतो," मी पाठीला म्हणालो.

"सांगजो," ते फळ्यावर लिहिताना म्हणाले. वैनगंगा लिहीत होते.

यंदा मुलाखती गुरुवारी होत्या. मी सकाळीच कॉलेजात गेलो. मनात वाक्य तयार होतं. बसमध्ये तीनदा घोळून घेतलं होतं. व्हरांड्यात बाकांवर अकरा उमेदवार बसलेले, निम्मे माझ्या वयाचे. शेवटच्या बाकावर सर. पांढरा शर्ट, मांडीवर फाइल. मला पाहून ते उठले नाहीत. मला जायला वाट व्हावी म्हणून पाय तेवढे आत घेतले.

खोलीत मॅडम एकट्याच होत्या. समोर फायलींचा गठ्ठा, हातात चष्मा. "ये रोहित. बोल, काय काम काढलंस?"

मी खिशात हात घातला. एम.ए.च्या प्रकल्पाच्या सिनॉप्सिसचा कागद होता, महिनाभर तसाच पडलेला.

"सही हवी होती, मॅडम."

त्यांनी न वाचता सही केली. बाहेर आलो तसे सरांनी पुन्हा पाय आत घेतले.

"झालं का गा?" त्यांनी हळूच विचारलं.

"झालं, सर," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, फाइल सरळ धरली, आणि दाराकडे बघत बसले.