बॉयलरवाल्या मामांची साक्ष

“मला सांगावं लागत नाय.” असं म्हणताना मामांची मान आपोआप वर व्हायची. कामाचा असा माज असलेला एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या मामांचा माज मात्र गोड होता.

अंबरनाथच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात मामा चौदा वर्षं बॉयलरवर होते. मी टाइम ऑफिसात कारकून. तेवढ्या काळात चार ठेकेदार बदलले. दर वेळी मामांना नवं ओळखपत्र मिळायचं, बॉयलर तोच. कंपनीचे शिफ्ट इन्चार्ज रोज सकाळी कामाची चिठ्ठी लिहून द्यायचे. मामा ती न वाचताच खिशात घालायचे आणि संध्याकाळी माझ्याकडे फाईलला द्यायचे. काम मात्र चिठ्ठीत असायचं तसंच व्हायचं.

शेवटी मामांनी परमनंट होण्यासाठी कोर्टात दावा लावला. युनियनच्या वकीलबाईंनी समजावलं होतं, की काम कंपनीचा माणूस सांगतो हे सिद्ध झालं तर ठेकेदार नुसता कागदावरचा ठरतो, तुम्ही कंपनीचे कामगार. आठवडाभर त्यांनी एकच उत्तर घोकून घेतलं: इन्चार्जसाहेब सांगतात. मामा घोकायचे, पण तोंड वाकडं करून.

साक्षीच्या दिवशी हजेरीची पुस्तकं घेऊन कंपनीने मला पाठवलं होतं. कंपनीच्या वकिलांनी फार आदराने विचारलं, “एवढं अवघड मशीन! तुम्हाला रोज काम कोण सांगायचं?”

मामांची मान वर झाली.

“मला? मला कोणी सांगायची गरजच नाय पडली, साहेब. चौदा वर्षांत कोणाची हिंमत नाय झाली.”

ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले गेले. वकीलबाईंनी डोळे मिटले. अहो, माणूस स्वतःच्या हाताने स्वतःची नोकरी घालवत होता, आणि तीही ताठ मानेने! चिठ्ठ्यांची अख्खी फाईल माझ्या कपाटात होती, प्रत्येकीवर इन्चार्जची सही. मी ब्र काढला नाही. माझी नोकरी परमनंट होती. आजही त्याची लाज वाटते.

दावा गेला. नव्या ठेकेदाराच्या यादीत मामांचं नाव नव्हतं. पण हे सगळं चार महिन्यांनी. त्या दिवशी कोर्टाबाहेर मामा भलतेच खुशीत होते. मला बळेच चहा पाजला.

“भाऊ, एवढी वर्षं झाली, पण असं कोणी विचारलंच नव्हतं,” ते म्हणाले. “एवढं अवघड मशीन, म्हणाले ते. ऐकलंस ना तू?”