गाडी डावीकडे ओढते

गाडीला हात लावायच्या आधी आयझॅकभाऊ वाकरूळकर एकच प्रश्न विचारतात, "हिला शेवटचा हात कुणाचा लागला?" बहुतेक बिघाड तिथेच सापडतो असं त्यांचं म्हणणं, आणि पन्नास वर्षं त्यांनी याच प्रश्नावर गाड्या दुरुस्त केल्या.

ते मूळचे अलिबागकडचे, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. भायखळ्याच्या एका गॅरेजात काम शिकले आणि चोविसाव्या वर्षी इंग्लंडात, लेस्टरला आले. बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज आहे, जेमतेम दोन गाड्या मावतील एवढं. आता ते मुलगा कालेब बघतो, पण स्टिअरिंगचं काम आलं की तो अजून पपांनाच हाक मारतो. शनिवारी बाकीच्या गॅरेजांत रांगा असतात तेव्हा यांचं शटर खाली, कारण तो त्यांच्या धर्मातला विसाव्याचा वार. त्या दिवशी ते पान्याला शिवत नाहीत, गाडीत बसत नाहीत आणि कामाचं बोलतही नाहीत. लेस्टरमध्ये त्यांच्या समाजाचं दुसरं घर नाही. मराठी बोलायला म्हणून आमच्याकडे यायला लागले आणि घरचेच झाले.

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या ह्यांनी ड्राइव्हवेवर गाडी जॅकवर घेतली. हे डॉक्टर, तीस वर्षं हॉस्पिटलात भूल देण्याचं काम केलं. रिटायर झाल्यावर व्हिडिओ बघून घरातलं सगळं स्वतः दुरुस्त करायचा नाद लागला. डावं चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक झिजलं होतं, ते ह्यांनी बदललं. पण नंतर गाडी सरळ चालली तरी स्टिअरिंग तिरकं दिसायला लागलं. तर ह्यांनी काय करावं? स्टिअरिंग व्हीलच काढलं आणि सरळ करून परत बसवलं. तरी गाडी डावीकडे ओढते ही तक्रार राहिलीच. आमची नात शाल्मली सात वर्षांची. तिला शाळेतून रोज हेच आणायचे. म्हणून मीच म्हटलं, आयझॅकभाऊंना दाखवा.

"डॉक्टर," आयझॅकभाऊ म्हणाले, "ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर वाकवलात तुम्ही. यूट्यूब बघून मी कुणाचं अपेंडिक्स काढतो का?"

"काढा की. भूल मी देतो."

त्यांनी स्टिअरिंग होतं तसं बसवलं, दोन्हीकडचे दांडे मापात आणले, ट्रॅकिंग करून चाकं एका रेषेत आणून दिली. चार दिवसांनी हे परत गेले. ओढतेच आहे. मग आयझॅकभाऊंनी पुढच्या दोन चाकांची अदलाबदल केली. दोष टायरचा असेल तर ओढ उजवीकडे जायला हवी. गेली नाही. ब्रेक चिकटतोय का म्हणून एक फेरी मारून चाकांजवळ हात धरून पाहिला. दोन्ही सारखीच कोमट.

तिसऱ्या आठवड्यात, एका गुरुवारी, त्यांनी स्वतः गाडी बाहेर काढली. सपाट रस्त्यावर हात सैल सोडले. गाडी सुतासारखी सरळ गेली. परत आल्यावर ते खाली बसून टायर बघत राहिले. आठवड्यापूर्वी जो टायर उजवीकडे स्वच्छ होता, तो डावीकडे आल्यावर बाहेरच्या अंगाने घासला गेला होता. फुटपाथच्या कडेला घासतो तसा.

"डॉक्टर, तुम्ही चालवा. मी शेजारी बसतो."

दहा मिनिटांत दोघं परत आले. आयझॅकभाऊंनी गाडी ठेवून घेतली, कारण सांगितलं नाही. मला राग आला. शाल्मलीला आता आणायचं कुणी?

शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात आयझॅकभाऊ, इस्त्रीचा शर्ट घालून. तीन मैल चालत आले होते.

"आज शनिवारी गाडीचं काय काढलंत?" ह्यांनी विचारलं.

"गाडीचं काही नाही. गाडी ठणठणीत आहे. म्हणूनच आज आलो." ते बसले नाहीत. "डॉक्टर, गाडी कुठेच ओढत नाही. तुम्ही डावीकडे जाता. परवा डाव्या बाजूने सायकलवर बाई आली, मी ओरडलो तेव्हा तुम्ही ब्रेक मारला. ती तुम्हाला दिसलीच नव्हती."

"मी डॉक्टर आहे. तुम्ही मला सांगणार?"

"बरं, नका ऐकू. जरा माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवू नका." आणि मला खुणेने ह्यांच्या डाव्या अंगाला बोलावलं. मी चहाचा कप घेऊन हाताच्या अंतरावर उभी राहिले. "वहिनी कुठे आहेत?"

"किचनमध्ये," हे म्हणाले.

माझ्या हातातला कप बशीवर वाजला तेव्हा हे दचकून वळले. मग आयझॅकभाऊ हळू आवाजात म्हणाले, "चूक माझी आहे. तेव्हाचा डावा टायरही असाच घासलेला मला पहिल्याच दिवशी दिसला होता. पण शेवटचा हात तुमचा लागलेला, म्हणून मी तिथेच शोधत बसलो. तीन आठवडे पोरगी तुमच्या गाडीत बसत होती."

हॉस्पिटलात समजलं, मेंदूला बारीकसा झटका येऊन गेला होता. कधी, ते कुणालाच कळलं नव्हतं. दोन्ही डोळ्यांची डावी अर्धी नजर गेलेली. लायसन्स परत पाठवायचं पत्र मीच लिहिलं, सही ह्यांनी केली. सहीसुद्धा कागदाच्या पार उजव्या कडेला गेली.

आता हे दोघं शाळेतून चालत येतात. शाल्मली आजोबांचा डावा हात धरते आणि सांगत असते, "आजोबा, पोल आहे. आजोबा, कचऱ्याचा बिन."

आयझॅकभाऊंशी मात्र हे अजून नीट बोलत नाहीत. जाते ती मीच, डब्यात काहीबाही घेऊन.

"शिव्या घालतात का मला अजून?" मागच्या आठवड्यात त्यांनी विचारलं.

"घालतात हो."

"घालू दे, वहिनी. शिव्या घालायला माणूस घरात आहे ना?"

संध्याकाळी देवापुढे मी घरातल्या सगळ्यांची नावं घेते, त्यात आता त्यांचंही घेते. त्यांचा देव वेगळा. पण या नावाला माझ्या देवाची काही हरकत असेल असं मला वाटत नाही.