कडीकाकांचा अडसर

माझ्या मावशीचे यजमान कुलूपवाले. किल्ली हरवलेल्या कुणाचंही दार दोन मिनिटांत उघडून देणारा माणूस, पण स्वतःच्या दाराला चार कुलपं आणि वर आतून लोखंडी अडसर. आम्ही भाचरं त्यांना कडीकाका म्हणायचो, अर्थात पाठीमागे.

त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. चोरी झालेल्या घरी नवं कुलूप बसवायला रोज जायचं आणि रडणारी माणसं बघायची, म्हटल्यावर मन धास्तावणारच. मन चिंती ते वैरी न चिंती. दर रविवारी ते चर्चला जात, पण उपासना संपायच्या आत घराकडे सुटत. त्यांची प्रार्थना तर ऐकण्यासारखी असे. मागची खिडकी, गच्चीचं दार, न्हाणीघराचा झरोका, सगळं प्रभूला नीट समजावून सांगत, नव्या रखवालदाराला सांगावं तसं.

एका दुपारी ते कोपऱ्यावर पाव आणायला गेले. पाच मिनिटांचं काम असलं तरी मावशीनं आतून अडसर लावायचा, हा घरचा नियम. तिनं तो लावला, वळली आणि तिथेच फरशीवर पाय घसरून पडली. काका परतले, तर आतून फक्त कण्हणं. चारही कुलपं उघडली, अडसर मात्र कसा निघणार? दाराला पत्राही त्यांनीच ठोकलेला. शेजारच्या शिवणकामवाल्या बाई हातोडा घेऊन धावल्या, पण दार ढिम्म हललं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एकच उपाय होता. फटीतून तार घालून अडसर सरकवायचा. त्याला हात स्थिर हवा, आणि काकांचे हात तर लटलट कापत होते. तार चारदा निसटली.

"अहो, ती तार खाली ठेवा," मावशी आतून म्हणाली. "आधी प्रार्थना करा."

"अगं, वेळ कुठाय?"

"मी कुठे पळून चाललेय? पाय मोडलाय माझा."

काकांनी तार खाली ठेवली आणि दाराला डोकं टेकलं. शिवणकामवाल्या बाईंनी ती प्रार्थना मला नंतर सांगितली. खिडकी नाही, गच्ची नाही. एवढंच म्हणाले, "प्रभू, मला फार भीती वाटतेय. मला जमत नाहीये. तू तिच्याजवळ राहा."

चमत्कार वगैरे काही झाला नाही. तार त्यानंतरही दोनदा निसटली. पण हात कापायचे थांबले होते, आणि तिसऱ्या खेपेला अडसर सरकला.

मावशीच्या पायाला प्लास्टर घातलं. काकांनी त्याच संध्याकाळी अडसर उपटून काढला आणि एक किल्ली शिवणकामवाल्या बाईंच्या हातात ठेवली. आता माणूस सुधारला असं आम्हाला वाटलं. कसलं काय! भीतीनं नुसतं घर बदललं होतं. आता चोर नाही, तर मावशी पुन्हा पडेल ही धास्ती. दहा दिवस दुकान बंद. ती कुशीवर वळली तरी हे उठून उभे. मावशीच्या नाकी नऊ आले.

अकराव्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "रोज सांगता ना, प्रभू सांभाळतो म्हणून? मग त्याला जरा सांभाळू द्या की."

काका तिच्या उशाशी बसले, तिचा हात हातात घेतला आणि दोघांनी मिळून प्रार्थना केली. ते रडले, हे मावशीनंच सांगितलं. तिला त्यांचा राग आला होता, तो तिथेच विरघळला. नंतर त्यांनी हत्यारांची पेटी उचलली, दार नुसतं लोटून घेतलं आणि जिना उतरले.

मावशीचा पलंग खिडकीशी होता. ते परत येणार अशी तिची खात्रीच होती. कोपऱ्यावर ते थांबले. टोपी काढली, मान खाली घातली, तसेच क्षणभर उभे राहिले. मग टोपी घालून दुकानाच्या वाटेला लागले.

"मी हात हलवत होते," मावशी मला म्हणाली, "पण त्यांनी मागे वळून पाहिलंच नाही. इतकं बरं वाटलं बघ मला."